घडी मोडलेली बरी : आपल्या भागातील लुगड्याच्या निगेचा इतिहास

स्मरणिका म्हटली की तिच्यात गावाचा इतिहास यायचाच, आणि आपल्या अक्कलकोटला तो भरपूर आहे. येथे भोसल्यांचे संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. श्रीस्वामी समर्थांचे येथे वास्तव्य झाले आणि १८७८ साली त्यांनी येथेच समाधी घेतली. राजवाड्यातील शस्त्रागार पाहण्यास परगावची मंडळी येतात. तलवारीला गंज चढू नये, बंदुकीची नळी स्वच्छ राहावी, म्हणून तेलपाणी करावे लागते, हे तेथे गेल्यावर कोणालाही समजते. परंतु त्याच काळात घराघरांतील बायका जी लुगडी नेसत होत्या, ती कशी धुतली, कशी वाळवली, कशी सांधली आणि कशी ठेवली, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो बायकांच्या हातांत राहिला आणि बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेला.

तो थोडाफार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मात्र त्यातून एक गोष्ट मनावर ठसते, ती आधीच सांगून टाकते. हातमागाचे लुगडे पेटीत बंद ठेवल्याने टिकत नाही. पूर्वी जी लुगडी पन्नास-साठ वर्षे टिकली ती नेसली जात होती, उलगडली जात होती, म्हणून टिकली. आज आपण त्यांना जितके पूज्य मानून कपाटात ठेवतो, तितकी ती घडीवर लवकर फाटतात.

आपल्या भागातील लुगडी

अक्कलकोट हे सीमेवरचे गाव. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि सोलापूरच्या पूर्व भागात गेलो की तेलुगू, असे आपले नित्याचे आहे. आपली लुगडीही याच तिन्ही दिशांनी आली. कानडी मुलखातून इरकल आले. इलकल हे गाव पूर्वी विजापूर जिल्ह्यात होते. १९९७ साली बागलकोट जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. त्याच बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून चोळीचे खण आले. पूर्वीच्या निजामाच्या राज्यातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, नारायणपेठी आली. आणि सोलापुरातच पद्मशाली विणकरांचे माग होते. हे विणकर तेलुगू मुलखातून येऊन सोलापुरात स्थायिक झाले आणि त्यांच्या मागांवर लुगडीही विणली जात. पुढे त्या शहराचे नाव चादरीने गाजले, ही नंतरची गोष्ट.

यांपैकी इरकलाची विणकर पद्धत प्रत्येकीने समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यावरच त्याची निगा अवलंबून आहे. जुन्या चालीच्या इरकलाचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो. म्हणजे अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे उभे धागे वेगळे. हे दोन्ही ताणे मागावर एकेका धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात आणि मग विणतात. म्हणूनच असा ताणा लांबच लांब न करता एकेका लुगड्यापुरता करावा लागतो. आपण ज्याला टोप पदर म्हणतो त्याचे कानडी नाव टोपु तेनी. तेनी म्हणजे कणीस. लाल रेशमावर पांढऱ्या रेशमाची ती टोके म्हणजे ज्वारीची कणसे. त्यांच्याच शेजारी फणी, कोटाच्या कमानी, डोंगराची रांग, अशीही नक्षी असते. ज्वारीच्या मुलखातल्या बाईच्या खांद्यावर ज्वारीचे कणीस असावे, हे किती योग्य!

परंतु धुण्याच्या दगडापाशी हेच लुगडे अवघड होते. सुताला जे सोसते ते रेशमाला सोसत नाही. सूत हे झाडाचे. त्याला खार, गरम पाणी, आपटणे हे बऱ्याच अंशी चालते. रेशीम हे किड्याने काढलेले, केसाच्या किंवा लोकरीच्या जातीचे. खाराने ते खरखरीत होते आणि झिजते. त्यातून लाल रंगाच्या शेजारी पांढरी कणसे. जरा पाणी गरम झाले की लाल पांढऱ्यावर उतरलाच. एका लुगड्यात दोन स्वभाव नांदत असल्याने, अंग धुताना पदर हाताबाहेर धरायचा आणि पदर वेगळ्या पाण्यातून काढायचा, हा नेमच योग्य ठरतो.

रंग आणि पाणी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे रंग झाडापाल्याचे किंवा किड्यांचे होते. निळा व काळसर रंग निळीचा. चंद्रकळेचा गडदपणा कापड निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवून येई. सुताचा लाल रंग आलीच्या मुळ्यांचा. रेशमाचा लाल बहुधा लाखेचा किंवा किरमिजाचा. आणि कुसुंबी रंग तर आपल्या शेतातल्या करडईच्या फुलांचा. या प्रत्येक रंगाची खोड निराळी होती. आलीचा लाल चांगला पक्का. निळीचा रंग पाण्याला पक्का, पण घासला की अंगाला लागे. कुसुंबा मात्र अगदी नाजूक. खारात तो सुटतो आणि उन्हात विटतो. म्हणून कुसुंबी वस्त्र राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात घालून चालत नसे, उन्हात टाकून चालत नसे. ‘रंगीत लुगडे सावलीत, उलट्या बाजूने वाळवावे’ हे आपण आजही ऐकतो. कुसुंब्यासारख्या रंगांनी हा नियम शिकवला असावा असे मला वाटते, आणि आजच्या रंगांनाही तो तितकाच लागू आहे.

रिठ्याचे महत्त्वही असेच कारणासहित समजून घ्यावे. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही त्या जड पाण्यात साबण लावला की त्याचा चिकट पांढरा साका होतो आणि तो कापडाच्या धाग्यांत बसतो. रिठ्याचा फेस तसा साका धरत नाही, आणि त्यात सोड्यासारखा तीव्र खारही नाही. म्हणून रेशमाला रिठा हे केवळ जुने म्हणून चांगले नाही. आपल्याकडील पाण्याला आणि रेशमाच्या जातीला ते खरोखरच मानवते.

परीट आणि सोवळे

सुती कपडे परटाकडे जात. परीट ते खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवीत, मग दगडावर आपटून स्वच्छ करीत. पांढऱ्या सुताला ही रीत उत्तम. रेशीम मात्र ज्या घरांत सोवळे पाळले जाई तेथे घरीच धुतले जाई, कारण परटाच्या हातचे सोवळ्याला चालत नाही अशी समजूत होती. ज्या माणसाने गावाचे मळके कपडे स्वच्छ करायचे त्याच्याच हाताचा विटाळ मानायचा, ही समजूत अन्यायाचीच होती आणि ती गेली हे चांगले झाले. परंतु इतिहास लिहिताना हेही नोंदवले पाहिजे की रेशीम भट्टीपासून वाचले ते अशा रूढीमुळेही. रूढी टाकावी, ‘रेशीम भट्टीत घालू नये’ हे त्यातले ज्ञान ठेवावे.

साबण, गिरणी आणि दंड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकापाठोपाठ एक बदल झाले. १८५६ साली इंग्लंडात विल्यम पर्किन या तरुणाने पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्यांचे अनेक पिढ्यांचे कसब थोड्या वर्षांत मागे पडले. रंगांची संख्या वाढली, पण कोणता रंग पक्का आणि कोणता कच्चा, हे नुसते पाहून ओळखणे कठीण झाले. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८८८ साली विलायती सनलाईट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. गिरणीचे सूत, कारखान्याचा रंग आणि वडीचा साबण, या तिन्हींनी घरातले धुणे बदलून टाकले.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या वर्षांत घरोघरी सुईदोऱ्याला काम आले. आजच्या मुलींना ‘दंड’ हा शब्द ठाऊक नसेल. नऊवारी लुगडे मध्येच विरले की तेवढा भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून शिवावयाचे, याला दंड घालणे म्हणत. तो जोड निऱ्यांत किंवा आत लपेल अशा बेताने घातला जाई. दंडाचे लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई. पण ते कसबाचेही लक्षण होते. त्यातूनही विरलेले लुगडे पुढे बाळाची झोळी होई, दुपटे होई, मग वाकळीच्या थरात जाई आणि शेवटी पोतेरे होई. विणकराने घातलेला एकही धागा वाया जात नसे.

१९५९ साली आपल्या देशात सर्फ ही धुण्याची पूड आली, १९६९ साली अहमदाबादेत निर्मा सुरू झाली, आणि याच सुमारास नायलॉनच्या साड्या आल्या. नायलॉनला इस्त्री नको, खळ नको, रंग जाण्याची धास्ती नको. दिवसभर राबणाऱ्या बाईला ती मोठीच सोय वाटली आणि तीत काही चूक नाही. परंतु नित्याला नायलॉन आणि सणाला हातमाग, अशी वाटणी झाली. पुढे सणालाही हातमाग जड वाटू लागला. मग तो कपाटात गेला.

पेटीत गेलेली लुगडी

कपाटात जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि महिला मंडळाच्या स्मरणिकेत ते स्पष्टपणे लिहिले पाहिजे. अनेक घरांत नवरा वारला की बाईचे हिरवे लुगडे, जरीचा काठ, लाल पदर, हे सारे त्याच दिवशी पेटीत जाई आणि पुन्हा बाहेर येत नसे. अशा लुगड्याची वर्षानुवर्षे घडी मोडली जात नसे. ते तिला नेसता येत नसे, आणि तिचे म्हणून दुसरे कोणी नेसत नसे. पन्नास वर्षांनी नातीने पेटी उघडली तर वरून लुगडे अगदी नवे दिसते. उचलले की प्रत्येक घडीवर सरळ रेषेत चिरते. एकाच जागी दुमडून राहिल्याने रेशमाचे धागे तेथे तुटतात आणि जरीची तार मोडते. ही हानी कसरीने केलेली नाही, पाण्यानेही नाही. ती चालीरीतीने केलेली आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र यांची चर्चा त्यावेळी झाली. लुगड्याचीही व्हावयास हवी. आपल्या घरातील एखादी आई, सासू किंवा आत्या पेटीतला हिरवा काठ नेसू इच्छीत असेल, तर तिला तो नेसू द्यावा. नव्हे, आपण होऊन तिच्यापुढे ठेवावा. लुगड्याच्या निगेतला हा पहिला उपाय आहे.

आज काय करावे

आता थोडे व्यवहाराचे. प्रथम लुगडे कशाचे आहे ते ओळखावे. पदराच्या टोकाच्या दशीतला एक धागा काढून चिमट्याने धरून जाळून पाहावा. जळक्या केसाचा वास आला आणि मागे चुरगळणारी काळी गुठळी राहिली तर खरे रेशीम. कागदासारखा भुरभुर जळला तर सूत किंवा नकली रेशीम. इरकलाच्या काठापदरात आज नकली रेशीम पुष्कळ असते, आणि ते ओले असताना फार कमकुवत होते. म्हणून ओला पदर पिळू नये, ओढू नये. पंचात गुंडाळून दाबून पाणी टिपावे.

रंग पक्का आहे का, ते आतल्या बाजूस ओला पांढरा कपडा दाबून पाहावे. कपड्यावर रंग उतरला तर ते लुगडे वेगळे, गार पाण्यात आणि झटपट धुवावे. भिजत मुळीच ठेवू नये. मीठ घातल्याने कच्चा रंग पक्का होत नाही. फार तर त्या वेळेपुरता थोडा रोखला जातो. त्यावर विसंबू नये.

रेशमाला रिठा वापरावा. आठ-दहा रिठ्यांची टरफले रात्री भिजत घालून सकाळी कुस्करावी, पाणी गाळून गार पाण्यात मिसळावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये. डाग पचवणाऱ्या द्रव्यांच्या नव्या पुडी रेशमाला वापरू नयेत. ही द्रव्ये रक्ताचा किंवा दुधाचा डाग जशी खातात तसेच रेशीमही खातात, कारण दोन्ही एकाच जातीची आहेत. जरीचे लुगडे शक्यतो धुवूच नये. नेसून झाल्यावर सावलीत वलणीवर तासभर वारा द्यावा आणि घामाची जागा पूर्ण सुकली की मगच घडी घालावी. अत्तर जरीवर शिंपडू नये.

सुती लुगड्याला खळ घालण्याची हौस असेल तर नेसण्याच्या वेळी घालावी. ठेवताना खळ धुऊन काढावी, कारण कसरीला खळ फार आवडते. ठेवण्यासाठी धुवट मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे फडके उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. लोखंडी तारेच्या अडकणीने गंजाचे डाग पडतात. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावा, कापडाला लागू देऊ नये. डांबरगोळ्या वापरीत असाल तर एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा : त्या गोळ्यांत ठेवलेल्या लुगड्यात तान्ह्या बाळाला कधीही गुंडाळू नये. काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि जिवावर बेतणारी कावीळ होते. जुन्या मऊ लुगड्याचे दुपटे ही आपली आवडती रीत असल्याने हे सांगणे भाग आहे.

आणि वर्षातून निदान दोनदा प्रत्येक लुगडे उलगडावे व वेगळ्या जागी घडी घालावी. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि संक्रांतीला एकदा, असा नेम ठेवला तर विसर पडत नाही. चिरलेल्या जागी सुई चालवण्याआधी मागे मऊ कापडाचा आधार द्यावा. विरलेल्या रेशमाला नुसता टाका ओढून आणखी फाडतो.

विणकराचे काय?

जपलेले लुगडे पन्नास वर्षे टिकले तर नवे कोण घेणार, आणि विणकराने काय खावे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु हातमाग बंद पडले ते लुगडी फार टिकली म्हणून नव्हे. ती नेसणारी बाई दिसेनाशी झाली म्हणून. स्वदेशीची चळवळ ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात सुरू झाली. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. एक दिवस भाषणे होतात. मात्र आईचे टोप पदराचे इरकल नेसून मुलगी लग्नात वावरली की चार जणी विचारतात, कोठे मिळते? हा प्रश्न विणकराच्या अधिक कामाचा आहे.

तेव्हा मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. दरवर्षी दसऱ्यानंतर एक दिवस ठरवावा आणि सर्वांनी आपापल्या पेटीतली लुगडी घेऊन यावे. त्यांना वारा द्यावा, नवी घडी घालावी, चिरलेल्यांना आधाराचे कापड लावावे. ज्येष्ठ भगिनींनी दंड कसा घालतात ते धाकट्यांना दाखवावे. आणि प्रत्येक लुगड्याबरोबर जाड कागदाची एक चिठ्ठी पुरचुंडीत ठेवावी : हे कोणाचे, कोठून घेतले, कोणत्या साली, कशाच्या निमित्ताने, आणि किती वेळा सांधले. शस्त्रागारातल्या तलवारींची नोंदवही असते. आपल्या लुगड्यांचीही असावी.

नवे लुगडे आले की त्याची पहिली घडी मोडायला जिव्हाळ्याच्या बाईला देण्याची आपल्याकडे चाल आहे. तीच चाल जुन्या लुगड्यालाही लावू या. पेटीतले जे वर्षानुवर्षे नेसले गेले नाही, त्याची घडी मोडायला या वर्षी कोणाला तरी बोलवा.